सोमवारची तालीम शुक्रवारी

ती पुन्हा नोकरीवर जाणार ही बातमी फुटल्यापासून ज्याला त्याला एकच प्रश्न पडला होता, की मग घराचं कसं होणार. जिन्यात भेटणारी माणसं आवाज खाली आणून, कुणाच्या ऑपरेशनची चौकशी करावी तशी विचारत, "मग, ठरलं म्हणे?" ठरलं म्हटल्यावर "बरं केलंस" म्हणत, आणि त्यानंतर इतका वेळ गप्प उभी राहत की बरं केलं नसावं असं तिला वाटू लागे.

काम तिचं जुनंच होतं. रंगाच्या कारखान्यात ती शेड जुळवायची. गिऱ्हाइकाने फरशीचा तुकडा, पडद्याची चिंधी, एकदा तर चक्क मेलेलं फुलपाखरू आणून "असा रंग हवा" म्हटलं, की पांढऱ्यात काय आणि किती घातलं म्हणजे तो रंग येईल हे ठरवायचं. यंत्रं असतातच, पण यंत्राने हो म्हटल्यावरही शेवटी एक माणूस दोन पट्ट्या खिडकीपाशी नेऊन बघतो आणि मान हलवतो. ती मान पूर्वी तिची होती. धाकट्याच्या वेळी तिने नोकरी सोडली. आता धाकटा शाळेत जाऊ लागला होता, आणि जुन्या साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, की जागा रिकामी आहे, सोमवारी ये, सोमवारी आली नाहीस तर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल.

तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिचं तिलाच लाजल्यासारखं व्हायचं. म्हणूनच तिने नवऱ्याला बजावलं, "हे बघ, मी जाईन, पण घर चालणार असेल तरच. नाही चाललं तर साहेबांना नाही म्हणून कळवायचं आणि विषय संपवायचा."

नवरा म्हणाला, "ड्रिल घेऊ."

नवरा औषधांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. म्हणजे आग लागलेली नसताना लागली असं जाहीर करायचं आणि भल्या माणसांना हातातली कामं टाकून जिने उतरायला लावायचे, याचा त्याला पगार मिळत असे. जगातल्या कुठल्याही अडचणीवर आधी तालीम करून घेणे हा एकच उपाय असतो असं त्याचं ठाम मत होतं. धाकट्याच्या जन्माआधी त्याने तिला दोनदा दवाखान्यापर्यंत नेऊन परत आणलं होतं. खऱ्या वेळी तो बॅग घेऊन निघाला आणि तिला घरीच विसरला ही गोष्ट वेगळी. त्या दिवशीही आपण नेमक्या वेळेत दवाखान्यात पोचलो होतो, असं तो अजून सांगतो.

शुक्रवार ठरला. नियम नवऱ्याने जेवताना सांगितले. सोमवारपासून तो पहिल्या पाळीला जाणार होता, म्हणजे मुलं उठायच्या आत घराबाहेर. सकाळ सगळी सासूबाईंकडे. दोन वाजता तो परत येऊन परस्पर शाळेतून मुलांना आणणार. ती संध्याकाळी साडेसहाला येणार. शुक्रवारी हे सगळं जसंच्या तसं करायचं. रंगाच्या प्रयोगशाळेत फोन आत नेता येत नाही, म्हणून तिचा फोन घरी कपाटात राहील. तिने मध्येच घरी यायचं नाही, आणि ती कुठे रस्त्यात दिसलीच तरी कुणी तिला ओळख द्यायची नाही, कारण ती ऑफिसात आहे.

"आणि तू?" तिने विचारलं.

"मी रजा घेतलीय. निरीक्षक लागतोच. मी बाहेरच्या खोलीत बसेन, पण दोन वाजेपर्यंत मी तिथे नसेन."

"बसशील पण नसशील?" सासूबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळचं त्यांचं हे एकमेव वाक्य. सुनेच्या नोकरीबद्दल त्यांनी काहीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांचं ते न बोलणं पलीकडच्या खोलीतही ऐकू येत असे.

चौथीतल्या मुलीने नियम दोनदा विचारून पक्के केले. मुलगी बापावर गेली होती. धाकटा सगळ्याला मान हलवत होता, म्हणजे त्याला काही कळलं नसावं अशी आईची समजूत झाली. तिथेच ती फसली.

शुक्रवारी सकाळी मोतिया रंगाचा नवा ड्रेस घालून, पर्समध्ये डबा टाकून, ती घराबाहेर पडली. नवऱ्याने नारिंगी जाकीट चढवून शिट्टी वाजवली. जिना उतरून ती फाटकापर्यंत आली आणि थांबली. एवढ्या काटेकोर योजनेत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नव्हती, ती म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिने दिवसभर जायचं कुठे. ऑफिस सोमवारी होतं. घर तिला बंद होतं. मधल्या जगात तिला जागाच नव्हती.

आधी ती बसथांब्यावर उभी राहिली, कारण कामावर जाणारी माणसं तिथे उभी राहतात. चार बस सोडल्यावर थांब्यावरचे लोक तिच्याकडे संशयाने बघू लागले. मग ती वाचनालयात गेली. दारावर "अंतर्गत कामासाठी बंद" अशी पाटी होती आणि काचेतून आतला माणूस पेपर वाचताना दिसत होता. शेवटी ती बागेत आली.

बागेच्या कठड्याला हिरवा रंग देणं चाललं होतं. दोन रंगारी दोन टोकांकडून एकमेकांच्या दिशेने येत होते. ती बघत उभी राहिली आणि तिची नजर एकदम अडकली. उजवीकडचा हिरवा किंचित पिवळ्याकडे झुकत होता. डावीकडच्यात निळ्याची छटा होती. ती जवळ गेली, मागे आली, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. सहा वर्षं डब्यांची झाकणं शोधण्यात आणि मोज्यांच्या जोड्या लावण्यात गेल्यावर आपला डोळा मेला असणार ही तिची मनातली खरी भीती होती. ती तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. आणि डोळा तर शाबूत होता.

"दादा, हे दोन डबे एका बॅचचे नाहीत," ती म्हणाली.

रंगाऱ्याने डबा फिरवून दाखवला. "ताई, नंबर सारखाच आहे की."

"नंबर सारखा आहे. रंग नाही. वाळला की दिसेल."

"मग वाळू द्या," रंगारी म्हणाला. हे त्याने तिला घालवून देण्यासाठी म्हटलं होतं, पण तिने ते आव्हान समजून घेतलं. आज तिला वेळच वेळ होता. कठड्यावरची नजर न हलवता ती दोन पावलं मागे सरकली आणि रंग वाळेपर्यंत थांबायला म्हणून बाकावर ऐसपैस बसली, अगदी पाठ टेकून.

"ताई, तो बाक..." रंगारी म्हणाला, पण सावकाश म्हणाला.

बाक त्यांनी सकाळी पहिला रंगवला होता. दोन हिरव्यांमधला केसाएवढा फरक हातभर अंतरावरून ओळखणाऱ्या बाईला ओला बाक ओळखता आला नव्हता. ती उठली तेव्हा पाठीवर आणि त्याच्या खालीही आडव्या पट्ट्या उमटल्या होत्या. निळ्याकडे झुकणारा हिरवा आहे, हे तिला मान वळवून बघितल्यावर लगेच कळलं.

तेवढ्यात मुकादम आला. काम का थांबलं, बाकाचं काय झालं आणि या बाई कोण, असे तीन प्रश्न त्याने एकाच दमात विचारले. बाई रंगात खोट काढतात असं कळल्यावर तो तिच्याकडे वळला. "कुठल्या खात्याच्या तुम्ही?"

ती ताठ उभी राहिली. पाठ पट्ट्यापट्ट्यांची असताना ताठ उभं राहणं सोपं नसतं. "मी रंगाच्या कारखान्यात..." ती म्हणाली आणि अडखळली. होते म्हणावं की असेन म्हणावं? "सोमवारपासून," ती म्हणाली.

"मग सोमवारी या," मुकादम म्हणाला.

तिचे कान तापले. ती तशीच उभी राहिली, आणि ऊन कठड्यावर सरकलं, आणि दोन रंग जिथे भेटले होते तिथे कुणी पट्टी धरून आखावी तशी रेघ हळूहळू वर आली. आधी रंगाऱ्यांना दिसली, मग मुकादमाला. तो जवळ गेला, मागे आला, डोळे बारीक करून पाहिलं. त्याने दोन्ही डबे बाजूला ठेवायला सांगितले आणि तिला म्हणाला, "बाई, त्या कोपऱ्यात नळ आहे. पण हा रंग पाण्याने जायचा नाही." माफी म्हणून तिने ते मान्य केलं.

मन हलकं झालं होतं, पण अंगावरच्या पट्ट्यांचं काय करायचं? घरी जायची बंदी. पर्स पाठीमागे धरून ती भिंतीच्या कडेकडेने निघाली आणि आपल्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या समोर आली. पोस्टमास्तर भाजीची पिशवी घेऊन तिथे बराच वेळ उभे असावेत.

"सकाळी बॅग घेऊन निघालीस ते पाहिलं होतं," ते अत्यंत हळुवारपणे म्हणाले. "शिट्टीही ऐकली. भांडण कुणाकडे होत नाही? पण घर सोडणं हा उपाय नव्हे. माझी मेहुणीही अशीच निघाली होती."

"अहो काका, ड्रिल आहे."

"तिनेही असंच काहीतरी नाव सांगितलं होतं."

मेहुणीचं पुढे काय झालं ते सगळं ऐकून घेऊन ती निसटली. पण पोस्टमास्तरांनी आयुष्यभर निरोप पोचवले होते आणि ती सवय निवृत्तीने जात नाही. ती गल्लीत पोचायच्या आत बातमी तिच्या पुढे पोचली होती. तिच्या घरासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. त्यांनी काही न विचारता तिचा दंड धरला आणि तिला वर नेलं.

काकूंना खरं काय ते सांगितल्यावर त्या थोड्या हिरमुसल्या. पण लगेच सावरून त्यांनी ड्रेस रॉकेलमध्ये भिजत घातला आणि स्वतःचा एक गाऊन तिला दिला. गाऊनवर ताटाएवढी जांभळी फुलं होती आणि त्यात ती दोनदा मावली असती. मग तिला चहा देऊन काकूंनी बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरींच्या मागे स्टूल टाकलं. "बस. सगळं दिसतं इथून," त्या सरावाच्या सुरात म्हणाल्या. आपल्या घरातलं इथून सगळं दिसतं, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळलं.

सकाळचा वृत्तांत काकूंकडे तयार होताच, कारण त्या साखर मागायच्या निमित्ताने स्वतः जाऊन आल्या होत्या. दूध उतू गेलं. ते जात असताना नवरा त्याच्याकडे बघत बसला होता आणि लिहून घेत होता. धाकट्याने बापाला विचारलं, "बाबा, माझा बूट कुठंय?" बाप म्हणाला, "मी इथे नाही." धाकट्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "बरं." मग त्याने नसलेल्या बापाच्या खुर्चीखालून स्वतः बूट शोधून काढला.

"आणि सासूबाई? त्या काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या ना. त्याला म्हणाल्या, नसलास तर पाय वर घे, मला फरशी पुसायचीय."

तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. दूध तिच्या हातूनही जायचं. पण ते तिच्या समोर जायचं.

दोन वाजले. मुलांना आणायला निघालेलं नारिंगी जाकीट तिने मघाशीच गल्लीच्या वळणावर नाहीसं होताना पाहिलं होतं. अडीच झाले तरी कुणी परतलं नाही. शाळा तर पलीकडच्याच रस्त्यावर. एवढ्यात तिच्या घरात तिचाच फोन वाजायला लागला, कपाटात. गल्ली अरुंद होती आणि सासूबाई फोनवर नेहमीच ओरडून बोलत, त्यामुळे अर्धं संभाषण चादरींच्या मागे स्वच्छ ऐकू आलं.

"नाही, ती घरात नाही... कुठे आहे ते ठाऊक नाही, ती ऑफिसात आहे असं धरायचंय... नाही हो, ऑफिस अजून सुरूच झालेलं नाही... तो? तो दोनपर्यंत इथे नव्हता. म्हणजे खुर्चीत होता. पण नव्हता."

फोन पलीकडूनच कट झाला असावा, कारण सासूबाई आणखी दोनदा "हॅलो" म्हणाल्या.

आता मात्र तिच्याने राहवेना. "जा की," काकू म्हणाल्या, "पोरं तुझीच आहेत." ती त्याच गाऊनमध्ये जिना उतरली आणि शाळेच्या दिशेने धावत सुटली. गाऊन तिच्या थोडा मागून येत होता.

शाळेत काय झालं ते तिला नंतर कळलं. मूल ज्याच्या हाती द्यायचं त्याचा फोटो शाळेकडे असावा लागतो, आणि इतकी वर्षं तिथे एकट्या तिचाच फोटो होता. नवरा दोनला थोडा वेळ असतानाच फाटकावर हजर झाला होता. नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी. तिथल्या बाईंनी खात्री करून घ्यावी म्हणून धाकट्याला विचारलं, "हे तुझे बाबा का?" धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मोठा काटा अजून वर गेला नव्हता म्हणून तो म्हणाला, "नाही. माझे बाबा इथे नाहीत." नवऱ्याला बाहेर काढण्यात आलं. दोनची घंटा झाली तेव्हा धाकटा आपण होऊन उठला आणि म्हणाला, "आता हे बाबा आहेत." यावर बाईंचा संशय मिटायच्या ऐवजी दुप्पट झाला, आणि त्यांनी आईच्या नंबरावर फोन लावला. त्या फोनवर सासूबाईंशी बोलणं झाल्यावर त्या पोलिसांना बोलवायच्याच विचारात होत्या, इतक्यात मुलगी वर्गातून आली. तिने बाईंना ड्रिलचे सगळे नियम पहिल्यापासून समजावून सांगितले. बाईंनी तिघांनाही जाऊ दिलं. ते पटलं म्हणून की नियम अजून बाकी होते म्हणून, हे नक्की सांगता येत नाही.

यातलं काहीच माहीत नसलेली ती वळणावर पोचली, आणि समोरून ते तिघे येताना दिसले. मध्ये बाप, दोन्ही बाजूंना पोरं. ती रस्त्यातच थांबली, धाप लागलेली, जांभळ्या फुलांच्या त्या गाऊनमध्ये. तिने दोन्ही हात पुढे केले.

मुलीने तिला पाहिलं. एक क्षण तिचे ओठ हलले, पण मग तिने मान सरळ केली आणि चालत राहिली. नवऱ्याने आकाशाकडे पाहिलं. धाकट्याला मात्र न बघणं जमेना. तेव्हा त्याने एका हाताने स्वतःचे डोळे गच्च झाकून घेतले, दुसऱ्या हाताने बापाचं बोट धरलं, आणि ती मंडळी तिच्या शेजारून निघून गेली. पुढे गेल्यावर धाकट्याचा आवाज आला, "ताई, मी नाही बघितलं हं आईला."

ती तिथेच उभी राहिली. आपल्याच पोरांनी आपल्याला भर रस्त्यात ओळख दिली नाही, याचं रडू यावं की पाच वर्षांचं पोर दिलेला शब्द पाळायला डोळे झाकून चालतंय याचा अभिमान वाटावा, हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. मग ती वळली आणि काकूंकडे परत गेली. ऑफिस सुटायला अजून अवकाश होता.

साडेसहाला तिने स्वतःच्या घराची घंटा वाजवली. धाकटा असा धावत आला की जणू ती महिनाभर परगावी होती. घरात जळक्या दुधाचा वास होता, नवऱ्याच्या जाकिटावर दुधाचे डाग होते, फरशी लख्ख होती, आणि मुलीने गृहपाठ बापाच्या पाठीवर वही ठेवून केल्याचं दिसत होतं, कारण टेबलावर मावत नव्हती इतकी भांडी होती. नवऱ्याने घसा साफ केला.

"निष्कर्ष सांगतो. दूध गेलं. मुलगी जेवणाच्या डब्याऐवजी आजीच्या चष्म्याचा डबा घेऊन गेली. माझी ओळख पटली नाही. मुलांना आणायला पाऊण तास उशीर." तो थांबला. माणूस घरचा असला तरी अहवाल खोटा द्यायचा नाही ही त्याची शिस्त होती. "ड्रिल नापास."

ती उठली, कपाटातून फोन काढला आणि साहेबांचा नंबर शोधू लागली. बोलून दाखवलेला शब्द होता. घर चाललं नाही तर नाही म्हणून कळवायचं. धाकट्याला तिने मांडीवर घेतलं.

"तुमच्या कारखान्यात ड्रिल नापास झाली की काय करतात?" तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं.

"काय करणार? दुसऱ्या दिवशी कामावर येतात."

"आणि पास कधी होते?"

नवऱ्याने जाकिटाची चेन खालीवर केली. "मी लागल्यापासून एकदाही नाही."

"हे तू मला आज सांगतोयस?"

"आधी सांगितलं तर कुणी पळत नाही गं," नवरा म्हणाला.

तिने फोन कानाला लावला. तिकडे साहेबांचा आवाज आला आणि घरातल्या चार माणसांनी श्वास रोखून धरला. बागेतली ती रेघ तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि डोळ्यांवरचा तो चिमुकला हातही. "साहेब," ती म्हणाली, "सोमवारी येतेच आहे. एवढंच विचारायचं होतं, नारिंगी जाकिटावर लागलेलं दूध कशाने जातं?" साहेबांना काही कळलं नसावं, पण ते हसले. शनिवारी सकाळी नवऱ्याने फोटो काढून घेतला आणि शाळेत नेऊन दिला. फोटोत तो हसत नाहीये, पण धाकटा म्हणाला की बाबा असेच दिसतात.

सोमवार उजाडला. निरोपाच्या वेळी कुणी रडलं तर काय बोलायचं याची तिने रात्री मनाशी तयारी केली होती. धाकट्याला काय सांगायचं, मुलीच्या डोक्यावरून हात कसा फिरवायचा, सासूबाईंना नमस्कार करायचा का. प्रत्यक्षात ती पर्स घेऊन दारात उभी राहिली तेव्हा एक बूट पुन्हा हरवला होता, दूध चढत होतं आणि मुलगी सासूबाईंना चष्मा आधी लावा आणि मग डबा भरा, असं समजावत होती. "येते मी," ती म्हणाली. "हो हो," असं कुणीतरी म्हणालं.

ती खाली आली. फाटकाबाहेर जाऊन तिने वर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. ती थोडी थांबली. आतून भांड्यांचे आणि भांडणाचे आवाज येत होते आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं, आणि तिच्या लक्षात आलं की ती हसतेय.

एवढ्यात खिडकी उघडली. सासूबाईंनी फडकं झटकायला हात बाहेर काढला आणि त्यांना ती दिसली.

"अगं, अजून इथेच?" त्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "पळ, बस चुकेल. ती माणसं तुझी वाट बघत असतील तिकडे."